तीन मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. ताटाएवढं गोल, पांढरं, साधं. मला किल्ली लागत नाही, लंबक नाही, तास झाला की माझ्यातून पक्षीही बाहेर येत नाही. तरी माझ्यात एक गंमत आहे. मी वेळ स्वतःच्या मनाने सांगत नाही. ती ऐकतो आणि मग सांगतो.

माझा जन्म जपानमध्ये, नागानोच्या डोंगराळ मुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक इवलासा अँटेना बसवला गेला. फुकुशिमाच्या एका डोंगरावर उंच मनोरा आहे. तो देशाची प्रमाणवेळ रेडिओलहरींवरून सतत पाठवत असतो. माझ्यासारखी घड्याळं ती लहर पकडतात आणि आपले काटे सरकवून घेतात. कीर्तनात बुवा गातात आणि मागचे टाळकरी कान देऊन ठेका धरतात ना, तसंच हे. मनोरा बुवा, मी टाळकरी. मात्र ती लहर लोखंडातून आणि यंत्रांच्या गर्दीतून नीट येत नाही, म्हणून मला खिडकीपाशी टांगावं लागतं.

सगळं जुळवून झाल्यावर कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या पाठीवर एक बारीकसं बटण बसवलं. ते वर सरकवलं की 'आपोआप', खाली सरकवलं की 'हाताने'. हाताने म्हणजे मनोरा काहीही सांगो, माणूस ठेवील ती वेळ. तेव्हा मला त्या बटणाचं काही वाटलं नाही. कोणाला पाठीवरच्या तिळाचं काय वाटतं?

दोन हजार चार साली मी तोक्योच्या कोतो भागातल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर आलो. खोलीत कपाटांसारखी उंच यंत्रं, गार हवा आणि सतत घूं घूं आवाज. आत येताना सगळे बूट बाहेर काढत आणि चपट्या सपाता घालत. देवळात आल्यासारखं वाटलं मला. आठवड्याभराने कळलं की ही खोली मोटारबोटींच्या शर्यतींवर इंटरनेटवरून पैज लावून घेणाऱ्या कंपनीची आहे.

जुगाराच्या घरी सज्जन घड्याळाचं काय काम, असं तुम्ही विचाराल. मलाही तेच कुतूहल होतं. मग ऐकत ऐकत मी शिकलो. या देशात जुगाराला बंदी आहे. काही थोड्या शर्यतींना तेवढी मुभा आहे, आणि तीही सरकारच्या डोळ्यांदेखत. घरबसल्या पैज लावणारा माणूस समोर दिसत नाही, म्हणून त्याचं वय वीस पूर्ण आहे याचा कागद आधी मागायचा. लावलेल्या प्रत्येक पैजेला यंत्राने क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक कोणालाही, अगदी मालकालाही, पुसता येऊ नये. यंत्राच्या कामात काही बदल करायचा तर आधी कळवायचं. कोणी तक्रार केली तर ती खरी की खोटी हे कंपनीने ठरवत बसायचं नाही, पहिल्यांदा ती लिहून घ्यायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार ठरल्या क्षणी बंद झालं पाहिजे. शर्यत सुरू व्हायच्या आधी अमुक मिनिटाला विक्री थांबते. एक सेकंद उशिरा थांबली तर कोणीतरी बोटी सुटलेल्या पाहून पैज लावील. म्हणजे मित्रांनो, या सगळ्या कारभाराचा कणा वेळ हाच होता. यंत्रं आपली वेळ एका तारेवरून घेत. पण देखरेख करणाऱ्यांचा एकट्या तारेवर विश्वास नव्हता. तारेशी काही संबंध नसलेला दुसरा साक्षीदार खोलीत हवा, असा नियम होता. तो साक्षीदार म्हणजे मी.

दर तासाला कामावरचा माणूस यंत्राची वेळ आणि माझी वेळ वहीत लिहायचा आणि शेजारी सहीऐवजी आपल्या नावाचा लाल शिक्का उठवायचा. तार तुटली तर? तर माझी वेळ यंत्राला द्यायची आणि तसं वहीत लिहायचं. केवढा मान!

पण मला तपासणार कोण? त्याचंही उत्तर मिळालं. वर्षातून एकदा सरकारी कचेरीतून कुरोकावा नावाच्या बाई यायच्या. सगळे त्यांना कुरोकावा-सान म्हणत, 'सान' म्हणजे आपलं 'जी'. ठेंगण्या, राखाडी कोट, पिशवीत स्वतःच्या सपाता. पहिल्या भेटीत त्यांनी मला भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं, वेळ सांगणारा दूरध्वनी क्रमांक फिरवला आणि कानाला फोन लावून माझा सेकंदकाटा न्याहाळत पूर्ण पाच मिनिटं बसल्या. पापणीही लववली नाही. मग माझ्या कडेला एक छोटी चिकटपट्टी लावली. 'तपासलं' आणि तारीख. त्या दिवशी मी फार ऐटीत होतो.

खोलीत दोन माणसं माझ्या जास्त जवळची. एक मिझुनो-सान. साठीला टेकलेले, मार्चमध्ये निवृत्त होणारे. तासाचा आकडा लिहिताना ते कागदावर असे वाकायचे, की जणू नमस्कारच करताहेत. दुसरा अंबरीष, पुण्याहून कंत्राटावर आलेला सॉफ्टवेअर इंजिनियर. बायको ईश्वरी आणि आठ वर्षांची जुई यांच्यासह तोक्योच्याच निशी-कसाई भागात राहायचा. डब्यात पोळीभाजी, आणि दुपारच्या सुट्टीत टेपवर कीर्तन. कीर्तन त्याच्या सासऱ्यांचं. ईश्वरीचे वडील नंदूबुवा पुण्याला एका रामाच्या देवळात कीर्तन करायचे आणि दर महिन्याला लेकीला कॅसेट पाठवायचे.

मिझुनो-सान हातात चहाचा पेला घेऊन ऐकत बसायचे.

"हे गृहस्थ बोलता बोलता गायला का लागतात?"

"बोलून जे पोचत नाही ते गाऊन पोचवतात."

"आणि मग परत बोलतात."

"गाऊन जे पोचत नाही..."

"मुद्द्यावर कधी येतात, अंबरीष-सान?"

"मुद्द्यावर आले की कीर्तन संपतं. म्हणून जरा लांबवतात."

मिझुनो-सान मान डोलवायचे. एकदा त्यांनी एका वाक्याचा अर्थ विचारला, कारण त्या वाक्याला टेपवर सगळं देऊळ हसलं होतं. अंबरीषने सांगितलं, "बुवा म्हणतात, देवळात येताना चपला बाहेर काढता, तसा खोटेपणाही बाहेर काढून ठेवा. परत जाताना चपला शोधा. खोटेपणा चोरीला गेला असेल तर तक्रार करू नका."

मिझुनो-सान हसले नाहीत. त्यांनी दारापाशी ओळीने ठेवलेल्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. आमच्या नियमावलीत हे नाही."

आता मीही मुद्द्यावर येतो.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी अंबरीष आणि पुण्याचे आणखी दोघे सकाळच्या सभेला दोन मिनिटं उशिरा पोचले. सगळ्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणंच फार होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर अंबरीष खुर्चीवर चढला, मला उतरवलं, पाठीवरचं बटण 'हाताने'वर सरकवलं आणि माझे काटे तीन मिनिटं पुढे केले. त्याच्या पुण्याच्या घरात घड्याळ सात मिनिटं पुढे असायचं, मामाकडे दहा. वेळेवर पोचण्याचा हाच उपाय त्याने लहानपणापासून पाहिला होता. त्यात पाप आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. सोमवारी सगळ्यांना सांगून टाकू, असं म्हणत तो सायकलवर बसून घरी गेला. कुरोकावा-सानांची चिकटपट्टी माझ्या कडेला होती. बटणावर नव्हती.

मी ओरडून सांगणार होतो, पण मला टिकटिकीशिवाय भाषा नाही.

शनिवारी सकाळी, वहीत पहिली नोंद होण्याआधीच, इमारतीत विजेचं काम निघालं. यंत्रं बंद करून परत सुरू केली, आणि वेळ आणणारी तार काही केल्या जोडली जाईना. मिझुनो-सान एकटे होते. त्यांनी नियमावलीचं पान उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि थबकले. मनगटावरचं घड्याळ तीन मिनिटं मागे होतं. मग त्यांनी काय केलं असेल? सरकारने तपासलेलं घड्याळ चुकेल कसं? त्यांनी आपलं मनगटी घड्याळ तीन मिनिटं पुढे केलं आणि यंत्राला माझी वेळ दिली. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'यंत्राची वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून लावली.' खाली लाल शिक्का.

त्या दिवशी सात शर्यतींची विक्री तीन-तीन मिनिटं आधी बंद झाली. दर तासाला त्यांनी दोन वेळा लिहिल्या आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या. मित्रांनो, मला आजही त्या पानाची लाज वाटते. दोन साक्षीदार असून आम्ही दोघंही एकच खोटं बोलत होतो.

दुपारी एका वृद्धाचा फोन आला. तामुरा-सान. दर शनिवारी ते चार नंबरच्या निळ्या बोटीवर अगदी लहानशी पैज लावत, कारण त्यांच्या दिवंगत पत्नीला निळा रंग आवडायचा. टीव्हीवर दोन मिनिटं शिल्लक दिसत होती, त्यांनी बटण दाबलं, तर विक्री बंद. मिझुनो-सानांनी आदराने सांगितलं की आमचं घड्याळ तपासलेलं आहे. पलीकडून आवाज आला, "तसं असेल तर माझ्याकडचंच म्हातारं झालंय. त्रास दिला." तक्रारीच्या वहीत तेही लिहिलं गेलं. निळी बोट शेवटची आली. संध्याकाळी शेवटची नोंद झाल्यावर तार जोडली गेली आणि यंत्राने आपली वेळ गुपचूप सुधारली.

रविवारी अंबरीष पाळीवर आला, वही उघडली, आणि त्याचा चेहरा उतरला. शनिवारीही पाळी असते, आणि ती एकट्या मिझुनो-सानांची, हेच तो विसरला होता. आधी त्याने मला खाली घेतलं आणि बटण 'आपोआप'वर केलं. काही वेळाने मनोऱ्याची हाक ऐकून माझे काटे जागेवर आले. मग त्याने घरी फोन लावला. खोली शांत होती, ईश्वरीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"घोळ झालाय गं. पण तसं कोणाचं काही बिघडलं नाही. ते आजोबा हरलेच असते, उलट वाचले."

"मिझुनो-सानना सांगितलंस?"

"अजून नाही. तपासणी या नाही, पुढच्या मंगळवारी आहे. कंपनीला ठपका आला तर माझं कंत्राट जाईल. व्हिसा, जुईची शाळा, सगळं..."

"ते मला कळतंय. पण मिझुनो-सानना सांगितलं नाहीस, आणि मला सांगतोयस. मी काय करू, शिक्का मारू?"

सोमवारी मिझुनो-सान जरा चक्रावलेले होते. "शनिवारी माझी परतीची गाडी तीन मिनिटं उशिरा आली, अंबरीष-सान. आणि कोणी माफीसुद्धा मागितली नाही. घरी जाऊन पाहतो तर सगळी घड्याळं एकीकडे आणि माझं मनगट एकीकडे. बिचारं थकलं. नवी बॅटरी घालून आणली."

अंबरीषने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. त्या आठवड्यात टेप एकदाही वाजला नाही.

तपासणीचा मंगळवार आला. कुरोकावा-सान आपल्या सपाता घालून आत आल्या. वयाचे कागद पाहिले. पैजांच्या क्रमांकांत एखादा गाळला आहे का, तेही पाहिलं. एक पैज स्वतःच अगदी शेवटच्या सेकंदाला लावून पाहिली, दुसरी दार बंद झाल्यावर. मग मला मांडीवर घेऊन पाच मिनिटं फोन ऐकला. मी अचूक होतो. त्यांनी वहीतलं शनिवारचं पान काढलं, शेजारी तक्रारीची वही ठेवली, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून बसून राहिल्या.

"घड्याळ बरोबर आहे. यंत्र घड्याळाशी जुळतंय. तरी या आजोबांना दोन मिनिटं शिल्लक दिसली. का बरं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाने मुंग्यांची रांग कुठून येते ते पाहावं, तसं नुसतं कुतूहल होतं. "मिझुनो-सान, त्या दिवशी आणखी काही घडलं होतं? अगदी क्षुल्लक?"

मिझुनो-सानांनी विचार केला. "माझं मनगटी घड्याळ तीन मिनिटं चुकलेलं होतं. मी ते नीट केलं."

कुरोकावा-सानांनी मान वर केली. "तीन. मग यंत्राची वेळ तुम्ही मनगटावरून तर लावली नाहीत?"

"तसं आठवत नाही." मिझुनो-सान उठून उभे राहिले. पाठ ताठ, हात मांड्यांना चिकटलेले. "पण तसं झालं असेल तर चूक माझी आहे." आणि ते कमरेतून वाकले.

चार महिन्यांवर निवृत्ती आलेला माणूस, न केलेल्या चुकीपुढे वाकला होता. अंबरीष दारात होता. एक बूट काढलेला, एक पायात. त्याने दुसरा बूट काढून बाहेरच्या ओळीत नीट ठेवला. सपाता घातल्याच नाहीत. मोज्यांवरच आत आला.

"मिझुनो-सानांची चूक नाही. घड्याळ मी पुढे केलं होतं. शुक्रवारी, हाताने. रविवारी परत बरोबर केलं, तेही कोणाला न सांगता."

कुरोकावा-सानांनी दोन्ही वह्यांवरची बोटं उचलली.

"पुढे का केलं?" कुरोकावा-सानांनी विचारलं.

"आमच्याकडे घरोघर करतात. म्हणजे वेळेवर पोचता येतं."

"पण घड्याळ पुढे आहे हे घरातल्यांना माहीत असतं ना?"

"असतं."

"मग उपयोग काय होतो?"

अंबरीषने जरा विचार केला. "काहीच नाही. आम्ही मनात तेवढी मिनिटं वजा करतो आणि उशिराच निघतो."

वाकलेले मिझुनो-सान सरळ झाले. त्यांच्या ओठांची एक कड हलली, पण ते हसले असं मी शपथेवर सांगणार नाही.

अंबरीष हळूच म्हणाला, "ते आजोबा तसेही हरलेच असते."

"ते हरले असते की जिंकले असते हे पाहणं माझं काम नाही," कुरोकावा-सान म्हणाल्या. "उघडं राहायला हवं होतं ते दार बंद होतं. मी दारं पाहते."

मग त्यांनी मला पालथं केलं. माझ्या पाठीवरचं बटण पाहिलं, कडेवरची आपली चिकटपट्टी पाहिली, आणि अहवाल लिहायला घेतला. पहिली ओळ त्यांनी स्वतःबद्दल लिहिली. तपासणाऱ्याने पट्टी चुकीच्या जागी लावली होती. दुसरी ओळ अंबरीषची. तिसरी कंपनीची, एकाच माणसावर सगळा भार टाकल्याची. मिझुनो-सानांबद्दल एवढंच, की त्यांनी नियम पाळला, आणि त्यांनी सगळं लिहून ठेवलं म्हणूनच चूक सापडली. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

शिक्षा झालीच. कंपनीची विक्री दोन शनिवार बंद राहिली. दारातून परतलेल्या एक्केचाळीस जणांना क्षमापत्रं गेली. तामुरा-सानांकडे मिझुनो-सान आणि अंबरीष मिठाईचा खोका घेऊन स्वतः गेले आणि दारातच दोघांनी मान लववली. आजोबांनी खोका घेतला आणि विचारलं म्हणे, "म्हणजे माझं घड्याळ अजून तरुण आहे?" मार्चमध्ये अंबरीषचं कंत्राट वाढवलं नाही. दोन महिने घरात काळजीचे गेले. मग ओसाकाच्या एका कंपनीच्या तोक्यो शाखेत काम मिळालं. मुलाखतीत आधीची नोकरी का सुटली ते विचारलं, तेव्हा त्याने हीच गोष्ट सांगितली.

आणि मी? मित्रांनो, ज्याच्या पाठीला बटण आहे असं घड्याळ खोलीत नको, असं ठरलं. नवं घड्याळ आलं. मी महिनाभर कपाटावर धूळ खात पडलो. ज्याला सरकारी बाई मांडीवर घेत, त्याच्यावर कोळ्याने जाळं विणलं. न जळणारा कचरा उचलून नेण्याच्या दिवशी मला एका पारदर्शक पिशवीत घातलं, सोबतीला फुटकी छत्री आणि तवा. त्याच दिवशी मिझुनो-सान निवृत्त होत होते. त्यांनी पिशवी उघडली, मला रुमालाने पुसलं आणि कापडात नीट गुंडाळून निशी-कसाईला अंबरीषच्या दारी नेऊन दिलं.

आता मी तिथल्या एका सभागृहाच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी असतो. महिन्यातून एका रविवारी तिथे आपली मंडळी जमतात. या उन्हाळ्यात नंदूबुवा लेकीकडे आले आहेत आणि त्यांचं कीर्तन चार वाजता ठेवलं होतं. पावणेचारला सतरंजी पसरणारे बाळासाहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे जरा दहा मिनिटं पुढे करून ठेवू या. म्हणजे मंडळी वेळेवर येतील." आणि ते खुर्ची ओढून वर चढले.

"दामे!" जुई ओरडली. जपानीत म्हणजे 'नाही, चालणार नाही'. "काका, मागे बघा."

बाळासाहेबांनी मला उलटं केलं. माझ्या बटणावर, अगदी बरोबर बटणावर, एक चिकटपट्टी आहे. मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरांत, 'तपासलं. जुई.' बाळासाहेबांनी मला परत टांगलं आणि ते खाली उतरले.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरातल्या घड्याळाला खिडकीपाशी जागा द्या, महिन्यातून एकदा त्याची काच पुसा. आणि उशीर झालाच तर तो खऱ्या वेळेने होऊ द्या. तुमच्या सोयीसाठी आम्हाला खोटं बोलायला लावू नका, कारण आमच्याकडे पाहून कुठेतरी एखादा भला माणूस आपलं बरोबर असलेलं घड्याळ बदलत असतो.

चारला एक मिनिट होतं. सभागृहात आपली चारच माणसं, अंबरीष, ईश्वरी, जुई आणि बाळासाहेब. पाचवे मिझुनो-सान, जे साडेतीनपासून पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. दारात बुटांच्या जोड्या ओळीने लावलेल्या, आणि त्या लावणारा हात मिझुनो-सानांचा, हे मी ओळखलं.

"बाबा, पाच मिनिटं थांबायचं का?" ईश्वरीने विचारलं. "लोक येतीलच."

नंदूबुवांनी समोरच्या मंडळींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा सेकंदकाटा बारावर आला, आणि त्यांनी चिपळ्या वाजवल्या.